नखं आधी बघा, फोटो नंतर: कोणत्या क्लायंटला कोणती नेल सिस्टीम द्यायची

प्रश्न असा आहे: "पार्लरमध्ये आठ महिन्यांपूर्वी नेल एक्स्टेंशन सुरू केलं. जेल पॉलिश, बिल्डर जेल, अ‍ॅक्रिलिक, पॉलीजेल, सॉफ्ट जेल टिप्स असं सगळं साहित्य आहे. क्लायंट मोबाइलवर फोटो दाखवते आणि 'असंच परमनंट करून द्या' म्हणते. काहींची नखं महिनाभर टिकतात, काहींची पाचव्या दिवशी निघतात. कोणाला काय सुचवायचं हे ठरवायचं कसं?"

पाचव्या दिवशी नख निघालं तर कारणं बहुतेक दोनच असतात. एक तर प्रेप (नखाची आधीची साफसफाई आणि तयारी) कच्चं राहिलं, नाहीतर त्या नखाला ती सिस्टीम मानवणारी नव्हती. फोटोत आकार, लांबी आणि रंग दिसतो, आतलं मटेरिअल दिसत नाही. एकच आमंड (बदामी) आकार हार्ड जेलमध्ये होतो, अ‍ॅक्रिलिकमध्ये होतो आणि टिप्सवरही होतो. म्हणून फोटो बघून "हो, होईल" म्हणण्याआधी हात हातात घ्या.

त्याआधी "परमनंट" या शब्दाचा खुलासा करा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. म्हणजे तीन आठवड्यांत क्यूटिकलपाशी (नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेपाशी) २ मिमी रिकामी जागा पडते आणि नखाचा सगळ्यात जाड भाग, ज्याला आपण अ‍ॅपेक्स म्हणतो, तेवढाच पुढे सरकतो. अ‍ॅपेक्स पुढे गेला की टोकावर बसणारा प्रत्येक दणका मागच्या, उघड्या पडलेल्या भागावर तरफेसारखा येतो. नख तिथूनच उचकटतं किंवा मोडतं. कुठलीही सिस्टीम असो, दोन ते तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे ती रिकामी जागा भरून घेणं, लागतंच. त्यामुळे क्लायंटला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नाही. "पुन्हा कधी येणार?" हा आहे. लग्नासाठी गावी आलेली आणि आठ दिवसांनी परत जाणारी मुलगी, आणि दर वीस दिवसांनी थ्रेडिंगला येणारी शिक्षिका, या दोघींची नखं अगदी सारखी असली तरी सिस्टीम वेगळीच द्यावी लागेल.

हात बघताना

जुनी पॉलिश पूर्ण काढा आणि चांगल्या उजेडात दहाही नखं बघा. नखावर हिरवट डाग, पिवळट जाड भुसभुशीत थर, नख खालच्या त्वचेपासून सुटून पांढरी पोकळी झालेली, कडेला लाल सूज किंवा पू, यातलं काहीही दिसलं तर त्या नखावर काहीच लावायचं नाही. हिरवा डाग स्यूडोमोनास या जीवाणूचा असतो. उचललेल्या मटेरिअलखाली ओल अडकली की तो तिथे वाढतो. वरून नवा थर दिला तर त्याला आणखी बंद, दमट जागा मिळते. तिथलं मटेरिअल काढा, नख कोरडं ठेवायला सांगा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. बोटांच्या टोकांना खाज, बारीक पुटकुळ्या किंवा भेगा असतील आणि क्लायंट आधी कुठेतरी जेल करून आली असेल, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

औषधं विचारा. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर त्वचा प्रकाशाला जास्त संवेदनशील होते, तेव्हा जेल घट्ट करणाऱ्या यूव्ही लॅम्पचं काम पुढे ढकला. मधुमेह असेल तर क्यूटिकल कापायची नाही, फक्त मऊ करून मागे सारायची. केमोथेरपी चालू असेल तर साधी काळजी आणि तेल, एवढंच.

मग नख किती लवतं ते तपासा. तुमच्या अंगठ्याचा मऊ भाग तिच्या नखाच्या मोकळ्या टोकाखाली ठेवा आणि अगदी हलका दाब वर द्या. काही नखं कागदासारखी लवतात, दाब सोडला की परत येतात. काही अजिबात हलत नाहीत, पण कडेला तडकलेली दिसतात. काही पापुद्र्यासारखी सुटतात. एवढ्या एका तपासणीवरून निम्मा निर्णय होतो. लवणाऱ्या नखावर काचेसारखं ताठ मटेरिअल बसवलं, तर भांडं घासताना नख खाली वाकतं आणि वरचा थर वाकत नाही. दोघांची जोड सुटते आणि अख्खा थर टिकलीसारखा निघून हातात येतो. उलट, ताठ आणि जाड नखावर रबर बेस (लवचीक बेस जेल) लावून लांबी वाढवली तर मटेरिअलच थकतं आणि मधोमध तडकतं. लवणाऱ्या नखाला लवणारं, ताठ नखाला ताठ. लांबी वाढवायची असेल तेव्हा मात्र या नियमाला मुरड घालावी लागते, कारण लांब टोकाला ताठपणा लागतोच. अशा वेळी लवणाऱ्या नखाला आधी रबर बेसचा पातळ थर आणि त्यावर बिल्डर जेल (जाडी आणि लांबी देणारं घट्ट जेल) असा मधला मार्ग चालतो.

नखाची बैठकही बघा. सपाट नखाला अ‍ॅपेक्स मटेरिअलनेच उभा करावा लागतो. टोकाकडे पंख्यासारखं पसरणाऱ्या नखाला तयार टिप कडेला बसत नाही, तिथे फॉर्म (टोकाखाली लावायचा साच्यासारखा कागद) लावून शिल्पासारखं घडवणं बरं. वर वळलेल्या नखाला फॉर्म थोडा खाली झुकवून लावतात आणि मधली खोलगट जागा भरून रेघ सरळ करतात. पक्ष्याच्या चोचीसारखं खाली वळलेलं नख असेल तर आहे ते टोक कापून लहान करा. त्याच वळणावर लांबी दिली तर ते आणखी वाकडं दिसतं.

सिस्टीम आणि त्यांचा स्वभाव

जेल पॉलिश ही खरं तर रंगाची सिस्टीम आहे, ताकदीची नाही. बेस, दोन पातळ हात रंग, टॉप. एकूण जाडी इतकी कमी असते की मऊ नखाला त्याचा आधार फारसा मिळत नाही. ज्यांची स्वतःची नखं मध्यम ताठ आहेत, लांबी आहे तेवढीच ठेवायची आहे आणि दोन आठवड्यांनी रंग बदलायचा आहे, त्यांच्यासाठी हीच योग्य. अशा क्लायंटला एक्स्टेंशन विकू नका.

बाटलीतलं बिल्डर जेल आणि रबर बेस हे मधलं घर. नैसर्गिक नखावर अ‍ॅपेक्ससह ओव्हरले (नखावर जाडसर थर) करायचा, फार तर ३-४ मिमी लांबी वाढवायची. आपल्याकडे नख वाढवू पाहणाऱ्या, पण टोक सारखं तुटणाऱ्या बायका खूप असतात. त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. यातले बहुतेक प्रकार अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात, पण बाटलीवर वाचून खात्री करा.

हार्ड जेलच्या रेणूंची जाळी इतकी घट्ट विणलेली असते की अ‍ॅसिटोन आत शिरत नाही. ते फक्त फाइलने किंवा ड्रिल मशीनने काढता येतं. ताकद आणि चमक उत्तम, वास जवळजवळ नाही. लांब, पातळ, टोकदार आकार याच्यात छान उभे राहतात. पण जी क्लायंट परत येण्याची खात्री नाही तिला हार्ड जेल देणं म्हणजे तिला घरी ओढून, खरवडून काढायला लावणं. ज्यांचं येणं ठरलेलं असतं, त्यांच्यासाठीच ठेवा.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे लिक्विड आणि पावडर. लॅम्प लागत नाही, हवेत घट्ट होतं. लाइट गेली तरी काम थांबत नाही, ही आपल्याकडच्या लहान गावांत मोठीच गोष्ट आहे. ताठ, टणक, अ‍ॅसिटोनमध्ये निघणारं, खाल्लेल्या नखांवरही पटकन आकार देता येतो. वास मात्र तीव्र असतो. खिडकी, एक्झॉस्ट आणि झाकण असलेली डॅपन डिश (लिक्विडची छोटी वाटी) हवीच. तापमानाचा परिणाम याच्यावर सगळ्यात जास्त होतो. साधारण २१ ते २४ अंशांत ते नीट वागतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी बीड (लिक्विड-पावडरचा गोळा) ब्रशवरच घट्ट व्हायला लागतो. एसीचा झोत थेट टेबलवर असेल तर उलट पृष्ठभागावर साखरेसारखे कण दिसतात आणि थर कमकुवत होतो. झोत बाजूला वळवा.

पॉलीजेल म्हणजे जेल आणि अ‍ॅक्रिलिक पावडरचं मिश्रण, ट्यूबमधलं. ते आपोआप पसरत नाही, म्हणून शिकणाऱ्याला वेळ मिळतो. दोन चुका नेहमी होतात. एक, ब्रश स्लिप सोल्यूशनमध्ये (मटेरिअल ब्रशला चिकटू नये म्हणून वापरायच्या द्रवात) फार भिजवणं. थर मऊ पडतो आणि दोन दिवसांत उचलतो. ब्रश फक्त ओलसर हवा. दुसरी, ड्युअल फॉर्म (नखावर वरून दाबायचा साचा) दाबताना मटेरिअल त्वचेवर येणं. फॉर्म बसवल्यावर, लॅम्पमध्ये जाण्याआधी, कडेने बाहेर आलेलं सगळं टोकदार ब्रशने काढा. वरून क्युअर केल्यावर (लॅम्पच्या प्रकाशात घट्ट केल्यावर) फॉर्म काढा आणि हात उलटा करून खालूनही एकदा क्युअर करा. थर जाड असतो, खालचा भाग कच्चा राहतो.

सॉफ्ट जेल टिप्स म्हणजे अख्खं नख झाकणाऱ्या, पारदर्शक, जेलच्याच टिप्स. एकसारखा आकार, कमी फाइलिंग, अ‍ॅसिटोनमध्ये निघतात. लग्न-समारंभासाठी, मध्यम लांबीसाठी, वेळ कमी असताना उत्तम. इथे सगळं साइजवर अवलंबून असतं. दोन साइजच्या मध्ये नख असेल तर मोठी घ्या आणि कडा फाइल करा. लहान टिप दाबून बसवली की ती सतत उघडायला बघते आणि कडेने सुटते. गम जेल (टिप चिकटवायचं जेल) टिपच्या आत मटाराच्या दाण्याएवढं घ्या, क्यूटिकलपाशी ४५ अंशात टेकवा, आणि हळूहळू खाली आणा म्हणजे हवा पुढे निघून जाते. हातात धरूनच टॉर्च लॅम्पने १० सेकंद, मग मोठ्या लॅम्पमध्ये ६० सेकंद. वरून बघताना बुडबुडा दिसला तर तो तसाच ठेवू नका. आज तिथे हवा आहे, उद्या पाणी असेल, आणि परवा हिरवा डाग. आणखी एक: रंगीत किंवा अपारदर्शक टिप जेलने चिकटवू नका. प्रकाश आत जात नाही, जेल कच्चं राहतं.

बाजारात "जेल एक्स्टेंशन" म्हणून जे सर्रास होतं, ते बऱ्याचदा ग्लूने चिकटवलेली एबीएस प्लास्टिकची अर्धी टिप आणि वर जेलचा हात, एवढंच असतं. नीट केलं तर तेही चालतं. टिप नखाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाकता कामा नये, कारण ग्लू पाण्याने कमजोर होतो. जितकं जास्त नख ग्लूवर, तितकी सुटायची शक्यता जास्त.

डिप पावडरमध्ये सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे ग्लूच्या जातीचं रेझिन आणि पावडर असते, लॅम्प नाही. करत असाल तर एकाच डबीत सगळ्यांची बोटं बुडवू नका, चमच्याने पावडर नखावर ओता. अ‍ॅक्टिव्हेटर लागलेला ब्रश रेझिनच्या बाटलीत गेला की अख्खी बाटली घट्ट होते. प्रेस-ऑन एका दिवसाच्या कामाला आहेत, आणि एक दिवसच हवा असेल तर तेच सुचवायला लाजू नका.

लांबी कोण ठरवतं

कामाचे हात असतील तर बाहेरचं टोक नखाच्या गुलाबी भागाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. गुलाबी भागाएवढंच लांब टोक हवं असेल तर बिल्डर जेलच्या पातळ थरावर भागत नाही. हार्ड जेल किंवा अ‍ॅक्रिलिक, आणि अ‍ॅपेक्सपाशी दीड मिमीच्या आसपास जाडी लागते. टोकाला मात्र एटीएम कार्डाएवढीच जाडी हवी. बाजूने बघा: क्यूटिकलपाशी शून्य, हळूहळू चढ, मग टोकाकडे उतार. क्यूटिकलपाशी जाड आणि मधे सपाट असं नख असेल तर ते कुठल्याही कंपनीच्या मालाने टिकणार नाही.

काही नेहमीचे हात

रोज कणीक मळणारी, भाकरी थापणारी, भांडी घासणारी गृहिणी. लहान, गोल किंवा स्क्वोव्हल (गोलसर कोपऱ्यांचा चौकोनी) आकार, बिल्डर जेलचा ओव्हरले, वर चकचकीत टॉप. मॅट टॉप हिला देऊ नका. हळद मॅटमध्ये मुरते, फिक्या न्यूड रंगावर दुसऱ्याच दिवशी पिवळी झाक येते. डाग पडलाच तर तेल लावून पुसा आणि उन्हात हात धरायला सांगा, हळदीचा रंग प्रकाशात फिका होतो. तारेच्या घासणीने टॉपची चमक जाते आणि टोकाच्या सीलला चिरा पडतात, म्हणून हातमोजे. गणपतीत मोदक करायचे असतील तर हेही आधी विचारा. पारीच्या कळ्या पाडताना काम बोटांच्या टोकांचं असतं, १० मिमीच्या टोकाने उकड फाटते. सणाच्या आठवड्यात लहान नखंच द्या.

नवरी. मेंदीत नीलगिरीचं किंवा लवंगेचं तेल असतं, आणि मेंदी नखालाही रंगवते. तो केशरी रंग नख वाढून जाईपर्यंत जात नाही. पारदर्शक किंवा फ्रेंच डिझाइन हवं असेल तर तो खालून दिसतो. मेंदी लावण्याआधी नखांवर साध्या नेलपॉलिशचे दोन हात द्या, म्हणजे रंग तिच्यावर बसेल. मेंदी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पॉलिश काढून प्रेप करा. तेल पूर्ण जायला साबणाने हात धुऊन किमान एक तास कोरडे ठेवा. लग्नाच्या दोन दिवस आधी नखं, त्यात सॉफ्ट जेल टिप्स. नवरी पुढे दुसऱ्या गावी जाणार असेल तर काढण्याची पद्धत लिहून द्या. हार्ड जेल नको.

नख खाणारी मुलगी. बोटाचं मांस टोकावर फुगलेलं असतं, टिप बसत नाही, फॉर्मही नीट खाली जात नाही. फॉर्म तिच्या बोटाच्या आकाराने कापून घ्या. अ‍ॅक्रिलिकने किंवा पॉलीजेलने फक्त १-२ मिमी टोक द्या. मोठं टोक तरफ होऊन मोडेलच. दहा-बारा दिवसांनी बोलवा, तीन आठवडे थांबू नका. दोन-तीन महिन्यांत नैसर्गिक नख पुढे आलं की ओव्हरलेवर आणा.

परिचारिका, डॉक्टर, लॅबमधल्या मुली. रुग्णांच्या थेट संपर्कात असणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःच्या नखांची टोकं ०.५ सेंमीपेक्षा कमी ठेवावीत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यांना एक्स्टेंशन करू नका. ऑपरेशन ठरलेल्या क्लायंटलाही नखं काढून जायला सांगा, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद रंगातून आणि जाड थरातून चुकीचं रीडिंग देऊ शकतो. कॅट-आय जेलमध्ये (चुंबकाने चमकदार पट्टा आणतात ते) लोहाचे कण असतात. एमआरआय असेल तर तिथल्या तंत्रज्ञांना ते सांगायलाच हवं.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात घामट तळवे असलेली क्लायंट. तिच्यासाठी सिस्टीम बदलण्यापेक्षा प्रेप बदला. हाताळलेली नखं पुन्हा ओली होतात, म्हणून पाच-पाच नखांचं डिहायड्रेटर (ओल आणि तेल घालवणारं द्रव) आणि बेस एका वेळी करा. दहाही नखं तयार करून मग सुरुवात करू नका. आदल्या रात्री केसांना तेलाची चंपी केली असेल तर हात आधी साबणाने धुऊन घ्या.

प्रेप, आणि कुठून सुटलं त्यावरून कारण

नखांवर कुठलाही थर देण्याआधी हात पाण्यात भिजवू नका. नख पाणी शोषून फुगतं, पसरतं, आणि त्यावर बसवलेला थर नख सुकल्यावर ताणला जातो. कोरडं प्रेप करा. क्यूटिकल पुशरने मागे, नखावर चिकटलेली पारदर्शक मृत त्वचा खरवडून काढा. ही दिसत नाही आणि तीच सगळ्यात जास्त नखं सोडवते. नंतर १८० किंवा २४० ग्रिटच्या (आकडा लहान तितकं खरखरीत) बफरने फक्त चमक घालवा. दोन-तीन हलके हात पुरतात. १०० ग्रिटची फाइल नैसर्गिक नखावर लावायचीच नाही. धूळ झाडा, डिहायड्रेटर, मग प्रायमर (थर नखाला धरून ठेवणारं द्रव). प्रायमर ठिपक्याएवढाच, त्वचेला न लागता. आम्लयुक्त प्रायमर त्वचा भाजतो.

क्लायंट परत आली की नख कुठून सुटलं ते बघा. क्यूटिकलपाशी उचललं असेल तर मटेरिअल त्वचेवर गेलं होतं किंवा मृत त्वचा राहिली होती. क्यूटिकलपासून अर्धा ते एक मिमी जागा सोडा. कडेला सुटलं असेल तर टिप लहान होती किंवा कडेची घडी साफ झाली नव्हती. टोकापासून उडत असेल तर टोकाचा काठ बेस आणि टॉपने सील झालेला नाही, किंवा बाई नखानेच डबे उघडतात. मधोमध तडा असेल तर अ‍ॅपेक्स चुकीच्या जागी. अख्खा थर एका तुकड्यात, खाली स्वच्छ आणि चकचकीत नख, तर बफिंग झालंच नाही किंवा मटेरिअल त्या नखासाठी फार ताठ होतं.

अ‍ॅक्रिलिकमध्ये बीडही बघा. ब्रश लिक्विडमध्ये बुडवून डिशच्या कडेवर दाबा, टोक पावडरमधून ओढा. नखावर ठेवलेला थेंब गोल राहायला हवा, आणि काही सेकंदांत हळूहळू बसायला हवा. लगेच कडेला वाहिला तर तो ओला. ओला बीड जास्त आकसतो, उचलतो, आणि त्यातलं न जुळलेलं लिक्विड त्वचेला अ‍ॅलर्जी देतं. वर कोरड्या पावडरचे ठिपके राहिले तर बीड सुका, असा थर ठिसूळ होतो. तीन-चार मिनिटांनी ब्रशच्या दांड्याने हलकं ठोका. "टक" असा स्वच्छ आवाज आला की फाइल करा, "ठप" आला तर थांबा.

बिल्डर जेलमध्ये आधी पातळ थर, न क्युअर करता त्यावर मधोमध एक थेंब, बारीक ब्रशने तो क्यूटिकलकडे आणि कडांकडे ओढा. मग बोट उलटं करून ८-१० सेकंद धरा, जेल खाली ओघळून अ‍ॅपेक्स आपोआप बनतो. सरळ करून ५-१० सेकंद लॅम्पमध्ये फ्लॅश, मग पूर्ण क्युअर. अंगठे नेहमी वेगळे घाला. चार बोटांसोबत घातले की ते तिरपे राहतात आणि एक कड कच्ची राहते.

लॅम्पमध्ये क्लायंटने "आई गं" म्हणून हात ओढला तर तो हीट स्पाइक. जेल घट्ट होताना उष्णता सोडतं. थर जाड असेल किंवा आधी नख फाइल करून पातळ केलेलं असेल तर ती जास्त लागते. सोसायला सांगू नका. या भाजण्याने नख खालच्या त्वचेपासून सुटू शकतं. लो-हीट मोड वापरा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या.

अ‍ॅलर्जी, आणि बाटलीवर काय वाचायचं

कच्चं जेल किंवा लिक्विड त्वचेला वारंवार लागलं की अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होते, आणि ती सहसा जन्मभर राहते. हाडांच्या शस्त्रक्रियेतलं सिमेंट आणि दातांच्या कामातलं बरंच मटेरिअल याच घराण्यातलं असतं, म्हणजे प्रश्न नखांपुरता उरत नाही. खाज सुरू झालेल्या क्लायंटला "हेमा-फ्री" (हेमा हे अ‍ॅक्रिलेट नसलेलं जेल) लावून बघू नका, त्यात दुसरे अ‍ॅक्रिलेट असतातच. थांबवा आणि पॅच टेस्टसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. हे तुमच्या स्वतःच्या बोटांनाही लागू आहे. दिवसभर तुम्हीच हाताळता, म्हणून नायट्राइल हातमोजे, आणि चिकट थर पुसलेला कापूस उघड्या हाताने धरायचा नाही.

युरोपियन संघात २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठी, तसा इशारा छापूनच विकता येतात. टीपीओ या फोटोइनिशिएटरवर (प्रकाशात जेल घट्ट व्हायला सुरुवात करून देणाऱ्या घटकावर) तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे. आपल्याकडे खरेदी करताना घटकांची यादी छापलेलीच बाटली घ्या. लॅम्पही शक्यतो त्याच कंपनीचा. वॅटचा मोठा आकडा म्हणजे क्युअर पूर्ण, असं नसतं. प्रकाशाची तरंगलांबी आणि त्या जेलमधला इनिशिएटर जुळावा लागतो. वरून कडक, आतून कच्चं जेल सगळ्यात घातक, कारण फाइल करताना त्याची धूळ त्वचेवर बसते.

अ‍ॅक्रिलिक लिक्विड ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असलेलं हवं. स्वस्त, अतिशय उग्र वासाचं लिक्विड, फाइलला दाद न देणारं नख, तासभर अ‍ॅसिटोनमध्ये ठेवूनही न मऊ होणारा थर, ही एमएमएची (मिथाइल मेथाक्रिलेट) लक्षणं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच १०० टक्के एमएमए लिक्विडवर कारवाई झाली होती. त्याचा थर इतका ताठ असतो की धक्का बसला तर तो मोडत नाही, खालचं नैसर्गिक नख मुळातून उपटतं. बाहेरून असं करून आलेली क्लायंट आली तर ओढू नका. जवळजवळ नखापर्यंत फाइल करून पातळ करा आणि उरलेलं वाढू द्या.

काढणं

"जेलने नखं खराब होतात" ही तक्रार बहुतेक वेळा काढताना झालेल्या नुकसानीची असते. टॉप पूर्ण फाइल करून घालवा, नाहीतर अ‍ॅसिटोन आत जात नाही. आजूबाजूला तेल किंवा व्हॅसलीन लावा, कापसात १०० टक्के अ‍ॅसिटोन, फॉइल. जेल पॉलिशला १०-१५ मिनिटं, बिल्डर जेल आणि टिप्सना साधारण १५-२०, अ‍ॅक्रिलिकला २०-३०. लाकडी काडीने हलकं ढकलल्यावर सुटेल तेवढंच काढा. न सुटलेलं पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा. धातूच्या पुशरने खरवडलं की नखाचे वरचे थर त्याच्यासोबत येतात, आणि हाताचं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात.

तुमच्याकडे पाचही सिस्टीम आहेत, पण सगळ्यांवर एकदम हात बसवायची घाई नको. आधी जेल पॉलिश आणि बिल्डर जेल ओव्हरले पक्कं करा, तुमच्या निम्म्याहून अधिक क्लायंट तिथेच येतील. मग समारंभांसाठी सॉफ्ट जेल टिप्स, त्यांचे सगळे साइज. अ‍ॅक्रिलिक त्यानंतर, खाल्लेल्या आणि हट्टी नखांसाठी. पॉलीजेल अधूनमधून सरावाला. हार्ड जेल सगळ्यात शेवटी, जेव्हा तुमच्या वहीत दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या पंधरा-वीस क्लायंटची नावं असतील तेव्हा. त्याच वहीत प्रत्येकीपुढे नख लवतं की ताठ, कुठल्या कंपनीचं काय लावलं, कुठून सुटलं आणि किती दिवसांनी, हे चार रकाने आजपासून भरायला घ्या.